घरचे गॅरेज आणि गाडीखालचा माणूस : मोटार लिफ्टचा इतिहास

१/ ४ जून १८९६ ची पहाट. डेट्रॉइट शहरातील बॅग्ली मार्गावर एका भाड्याच्या घरामागे विटांची लहानशी खोली होती. एडिसन वीज कंपनीत नोकरी करणाऱ्या ३२ वर्षांच्या हेन्री फोर्ड यांनी तेथे आपली पहिली मोटार तयार केली. सायकलची चार चाके, दोन सिलिंडरचे इंजिन आणि सव्वादोनशे किलोच्या आसपास वजन. गाडी सिद्ध झाली आणि मग ध्यानात आले, की ती दारातून बाहेर निघतच नाही! फोर्ड यांनी कुऱ्हाड घेतली आणि दाराशेजारची भिंत फोडली.

२/ मंडळी, हा प्रसंग बहुतेक चरित्रांत गमतीचा म्हणून येतो. वास्तविक तो एका मोठ्या प्रश्नाचा आरंभ आहे. यंत्र आधी आले आणि त्याला सामावणारी खोली मागाहून आली. घरच्या गॅरेजात गाडी उचलणारी लिफ्ट बसवू पाहणारा आजचा हौशी कारागीर याच प्रश्नाशी झुंजत असतो. दार, छत आणि जमीन या तिघांचा हिशेब कसा जुळवायचा? आजच्या थ्रेडमध्ये या प्रश्नाचा सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहू. 🧵

३/ प्रथम शब्दाकडे वळू. ‘गॅरेज’ हा शब्द फ्रेंच. ‘गारे’ या क्रियापदाचा अर्थ सुरक्षित जागी लावून ठेवणे. इंग्लंड-अमेरिकेत घरातील मोटारीच्या खोलीला हे नाव रूढ झाले. मराठीत मात्र ‘गाडी गॅरेजला टाकली’ म्हणजे ती दुरुस्तीला दिली. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत, निवारा आणि कर्मशाळा यांत, आपला सारा विषय सामावला आहे. बहुतेक घरगुती गॅरेजे निवाऱ्यासाठी बांधली गेली. त्यांच्याकडून कर्मशाळेचे काम घेऊ लागलो, की अडचणी सुरू होतात.

४/ आरंभीच्या श्रीमंत मोटारमालकांनी गाडी ठेवली ती बग्गीच्या तबेल्यात. पेट्रोलच्या आगीचे भय मोठे होते, त्यामुळे ही जागा घरापासून दूर, परसदारी असे. हळूहळू ती घराला येऊन चिकटली. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी शिकागोत बांधलेल्या आणि १९१० मध्ये पूर्ण झालेल्या रॉबी हाऊसमध्ये तीन मोटारींचे गॅरेज घरालाच जोडलेले होते. त्यात गाडीखाली उतरण्यासाठी खड्डाही ठेवला होता.

५/ हा खड्डा का लागला? कारण त्या काळातील मोटारीचे निम्मे दुखणे तिच्या पोटाशी असे. तेल काढायचे, वंगण भरायचे, पट्ट्या घट्ट करायच्या. ही सारी कामे खालून करावी लागत. गाडी वर उचलण्याची सोय नाही, तर माणसाने खाली जावे, हा सरळ विचार. आपल्याकडे एसटीच्या आगारांत आणि ट्रकच्या गॅरेजांत हा खड्डा आजही पाहायला मिळतो.

६/ परंतु खड्डा दगाबाज असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीने भडकते. खड्ड्यातून घाईने बाहेर पडणेही सोपे नसते. शिवाय पाणी झिरपते, तेल सांडते, आणि झाकण उघडे राहिले तर चालता माणूस आत कोसळतो. दुसरा मार्ग जॅकचा. गाडी जॅकवर चढवायची आणि पाठीवर झोपून खाली सरकायचे. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. तो निसटला तर खालच्या माणसाला वेळ मिळत नाही. ‘गाडीखाली चिरडून मृत्यू’ ही घरगुती दुरुस्तीतील सर्वांत भीषण शक्यता आहे, आणि लिफ्टचा इतिहास हा मुळात तिच्यापासून सुटकेचा इतिहास आहे.

७/ सुटकेचे सूत्र सतराव्या शतकातच गवसले होते. ब्लेझ पास्कल यांचा द्रवदाबावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे त्याचे सार. समजा, लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर आणि मोठ्याचे ५०० आहे. लहान दट्ट्यावर १५ किलोचा भार दिला, तर मोठा दट्ट्या १५०० किलो उचलतो. मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. मोठा दट्ट्या १ सेंटिमीटर वर जावा, यासाठी लहान दट्ट्याला १०० सेंटिमीटर सरकावे लागते.

८/ सूत्र होते, पण यंत्र व्हायला शतकाहून अधिक काळ लागला. कुलूपनिर्मितीसाठी ख्यात असलेले लंडनचे जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये द्रवदाबाच्या प्रेसचे पेटंट घेतले. अडचण एकच होती. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी गळे. त्यावर उपाय निघाला चामड्याच्या वाटीसारख्या कड्याचा. दाब जितका अधिक, तितके ते कडे अधिक घट्ट बसे. या युक्तीचे श्रेय सामान्यतः ब्रामांच्या कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री मॉड्सले यांना दिले जाते. पेटंटवर मालकाचे नाव राहिले आणि गळती थांबवली कामगाराने. इतिहास वाचताना हा फरक नजरेआड होऊ देऊ नये.

९/ पुढे या तंत्राने अचाट भार हलवले. ब्रुनेल यांचे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे प्रचंड जहाज टेम्स नदीकाठच्या उतारावर अडून बसले, तेव्हा द्रवदाबाच्या प्रेस लावून ते इंचाइंचाने ढकलण्यात आले आणि ३१ जानेवारी १८५८ रोजी ते अखेर तरंगले. हेच जहाज १८७० मध्ये मुंबईच्या बंदरात आले होते आणि मुंबई ते एडन ही समुद्राखालील तारायंत्राची केबल त्यानेच टाकली.

१०/ आता मोटारीकडे परत येऊ. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या मेंफिस शहरात पीटर लुनाती नावाचे एक कारागीर होते. न्हाव्याच्या दुकानातील वरखाली होणारी आणि फिरणारी खुर्ची पाहून त्यांना मोटारीसाठी तशीच रचना सुचली, अशी कथा सांगितली जाते. कथेचा तपशील कसाही असो, १९२५ मध्ये त्यांना मोटार लिफ्टचे पेटंट मिळाले. जमिनीत पुरलेला एक जाड खांब द्रवदाबाने गाडीला वर नेई आणि वर गेलेली गाडी गोल फिरवताही येई. म्हणूनच त्यांच्या कंपनीचे नाव ‘रोटरी’ पडले.

११/ काळ लक्षात घ्या. फोर्ड यांची मॉडेल टी १९०८ पासून निघत होती आणि १९२७ मध्ये ती थांबली, तोवर दीड कोटी गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. इतक्या गाड्यांना पोटाखालून वंगण देणारा माणूस किती काळ खड्ड्यात उभा राहणार? लिफ्टने त्याला उजेडात आणले आणि ताठ उभे केले. आपल्याकडे गाडी धुण्याच्या सर्व्हिस स्टेशनात एकाच खांबावर वर चढलेली गाडी तुम्ही पाहिली असेल. ती याच कुळातील.

१२/ घरी मात्र जमिनीत खोल खांब पुरणे परवडणारे नव्हते. ही कोंडी फोडली ती जमिनीवर बोल्टने बसणाऱ्या दोन खांबांच्या आणि चार खांबांच्या लिफ्टने. आता इतिहासाचे ओझे छतावर आले. साधा हिशेब करा. गाडीखाली ताठ उभे राहायला ती सुमारे १.८ मीटर वर हवी. गाडीची स्वतःची उंची १.५ मीटर. झाले ३.३ मीटर, वर थोडी मोकळी जागा. अमेरिकेतील सर्वसाधारण घरगुती गॅरेजचे छत मात्र २.४ ते २.७ मीटरच असते. ते छत उभ्या गाडीसाठी बांधले होते, उचललेल्या गाडीसाठी नव्हे.

१३/ छताखाली आणखी एक वारसा लपलेला आहे. १९२१ मध्ये सी. जी. जॉन्सन यांनी वर सरकून छताला समांतर होणारा गॅरेजचा दरवाजा आणला आणि १९२६ मध्ये तो विजेवर चालवला. सोय उत्तम झाली, पण उघडा दरवाजा नेमका गाडीच्या डोक्यावर येतो. लिफ्ट बसवायची, तर दरवाजाचे रूळ भिंतीलगत आणखी वर चढवून छताजवळ न्यावे लागतात. एका शोधाने मोकळी केलेली जागा दुसऱ्या शोधाच्या वाटेत आली, असे हे उदाहरण.

१४/ तिसरा पक्ष जमिनीचा, आणि तोच सर्वांत गंभीर. दोन खांबांच्या लिफ्टचे हात गाडीला बाजूने धरतात. भार एका अंगाला झुकला, की खांबाच्या तळाचे बोल्ट काँक्रीटमधून उपटले जाऊ पाहतात. म्हणून उत्पादक किमान १० सेंटिमीटर जाडीचे, भेगा नसलेले, विशिष्ट ताकदीचे काँक्रीट मागतात. कित्येक मॉडेलना याहून जाड लागते. चार खांबांच्या लिफ्टमध्ये भार सरळ खाली उतरतो, त्यामुळे ती अधिक क्षमाशील असते. मात्र गाडी चाकांवरच उभी राहत असल्याने चाके काढायला वेगळा जॅक लागतो.

१५/ काही घरांच्या जमिनीत ताणलेल्या पोलादी तारा असतात. अशा जमिनीला अजाणतेपणे भोक पाडले आणि तार तुटली, तर माणसाला इजा होते आणि घराच्या पायाची ताकदही जाते. आपल्या शहरांत प्रश्न आणखी निराळा आहे. इमारतीखालच्या पार्किंगची उंची आखलेली असते ती उभ्या गाडीपुरती, आणि जमिनीखाली तळघर असेल तर पायाखाली मातीऐवजी स्लॅब असतो. तेथे संरचना अभियंत्याच्या लेखी होकाराशिवाय एकही बोल्ट ठोकू नये.

१६/ मग क्रम कोणता असावा? आधी आपली सर्वांत उंच गाडी मोजा. मग छत मोजा, तेही तुळई, दिवा आणि उघडा दरवाजा यांच्या खालून. मग जमिनीची जाडी तपासून घ्या. लिफ्टची निवड या तिन्हींनंतर येते. उंची कमी पडली, तर कमी उचलणारी कात्रीसारखी लिफ्ट घ्यावी आणि बसून काम करावे. छत फोडण्यापेक्षा ते शहाणपणाचे. आणि गाडी वर गेल्यावर ती तेलाच्या दाबावर न ठेवता खांबातील यांत्रिक खटक्यावर टेकवल्याखेरीज खाली पाऊल टाकू नये. द्रव गळू शकतो, हे ब्रामांच्या कारखान्याने १७९५ च्या सुमारासच दाखवून दिले आहे.

१७/ यंत्रांचा इतिहास आपण बहुधा वेग आणि अश्वशक्ती यांत मोजतो. तो कारागिराच्या देहस्थितीतही मोजता येतो. पाठीवर झोपलेला, खड्ड्यात वाकलेला आणि अखेर ताठ उभा राहिलेला माणूस. या तीन अवस्थांमध्ये किती जणांचे कणे आणि किती जणांचे प्राण खर्ची पडले, याची नोंद पेटंटच्या कागदात सापडत नाही.

१८/ म्हणून एक विनंती. तुमच्या गावात जुने गॅरेज असेल, तर तेथील वयस्क मिस्त्रींना विचारा, की लिफ्ट येण्यापूर्वी ते गाडीखाली कसे काम करत. खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली टिपून घ्या, त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि या थ्रेडखाली जोडा. खड्डे बुजत चालले आहेत. ते वापरलेली माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच ही नोंद शक्य आहे.

#इतिहास #तंत्रज्ञानाचा_इतिहास #मराठी_थ्रेड