स्पर्शसंशोधन आणि कृत्रिम हस्त

कृत्रिम हस्ताचा इतिहास दीर्घकाळ केवळ गतीचा इतिहास राहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन शल्यविशारद फर्डिनांड साउरब्रुख यांनी उरलेल्या हातातील स्नायूंच्या बळावर यांत्रिक बोटे हलविण्याची पद्धती सिद्ध केली. तीत स्नायूला ओढ बसत असल्याने वस्तूचा विरोध काही अंशी तरी जाणवे. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास स्नायूंतील विद्युत्-संकेतांवर चालणारे हात निर्माण झाले. त्यांत श्रम कमी झाले. परंतु तो जाणिवेचा दुवाही तुटला. पकड घट्ट आहे की सैल, हे प्रायः डोळ्यांनीच ताडावे लागे.

स्पर्शाचे संशोधन मात्र स्वतंत्रपणे चालू होते. लाइपझिग येथील एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये कंपासाची दोन टोके त्वचेवर टेकवून असे दाखविले की, बोटाच्या अग्राला जे अंतर सहज कळते ते पाठीला मुळीच कळत नाही. १९२६ मध्ये एड्रियन व झॉटरमन यांनी एकेका मज्जातंतूतील संकेत नोंदविले. उद्दीपनाची तीव्रता संकेतांच्या वारंवारतेत व्यक्त होते, हे त्यावरून स्पष्ट झाले. तथापि ह्या प्रयोगांत त्वचा निश्चल होती. काम करणारा हात तेथे नव्हता.

ही उणीव स्वीडनमध्ये भरून निघाली. १९८४ मध्ये योहान्सन व वेस्टलिंग यांनी वस्तू चिमटीत उचलावयास लावून पकडीचे मापन केले. वस्तू निसटू लागताच सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी अवधीत पकड आपोआप वाढे. बोटे बधिर केली असता हे नियमन ढासळे. स्पर्श हा गतीला जोडलेला अलंकार नसून तिची अटच आहे, हे यातून निष्पन्न झाले.

ह्या दोन प्रवाहांचा संगम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसतो. रोम येथे दंडातील मज्जातंतूंत विद्युदग्रे बसविल्यावर हात गमावलेल्या व्यक्तीला डोळे बांधलेले असतानाही वस्तूचा मऊ-कठीणपणा ओळखता आला. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे अशी संवेदना वर्षाहून अधिक काळ टिकली. चेरीचे देठ खुडताना फळ चिरडण्याचे प्रमाण तिच्यामुळे घटले.

वेबर किंवा एड्रियन यांच्यापुढे कृत्रिम हस्ताचा प्रश्न नव्हता. तरीही त्यांच्या मूलगामी जिज्ञासेवाचून हे प्रयोग संभवले नसते. उपयुक्ततेच्या निकषावरच संशोधनाचे मोल ठरविणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य ध्यानी घ्यावा.