दुकानातील शीतकपाटे आणि ऊर्जा लेबलाचा इतिहास

उपकरण वर्षाकाठी किती वीज वापरते हे खरेदीपूर्वीच ग्राहकाला कळावे, या हेतूने त्याच्या दर्शनी भागावर लावल्या जाणाऱ्या ऊर्जा लेबलाची प्रथा 1973च्या तेलसंकटानंतर रुजू लागली. अमेरिकेत 1975च्या ऊर्जा धोरण व संवर्धन कायद्याने अशा लेबलाची तरतूद केली आणि 1980 पासून फ्रीजवर पिवळे ‘एनर्जीगाइड’ लेबल दिसू लागले; युरोपीय समुदायाने 1992 मध्ये यासंबंधीचा निर्देश काढला आणि 1995 पासून घरगुती फ्रीजसाठी ए ते जी अशी, हिरव्यापासून लाल रंगापर्यंत उतरत जाणारी श्रेणी लागू केली. या व्यवस्थेपुढे होता तो घरासाठी खरेदी करणारा ग्राहक. दुकानातील दूध-दह्याची उघडी कपाटे, आइस्क्रीमचे फ्रीझर आणि काचेच्या दाराचे शीतपेयांचे कूलर दिवसरात्र चालत असूनही त्यांना युरोपात हे लेबल लागण्यास 2021 साल उजाडावे लागले.

या विलंबामागे तांत्रिक अडचणी होत्याच, परंतु व्यवहाराची रचना हे त्याहून मोठे कारण मानावे लागेल. शीतपेयाचा कूलर किंवा आइस्क्रीमचा फ्रीझर पुष्कळदा पेय वा आइस्क्रीम विकणारी कंपनी विकत घेते आणि स्वतःच्या जाहिरातीसह दुकानदाराकडे ठेवते, तर विजेचे बिल दुकानदार भरतो. निवड करणारा एक आणि भुर्दंड सोसणारा दुसरा असल्यामुळे कमी विजेत चालणाऱ्या यंत्राला बाजारात आपोआप मागणी निर्माण होत नाही. मोठ्या दुकानांत माल नजरेत भरावा आणि सहज हाती यावा म्हणून उभी कपाटे बिनदाराची ठेवली जात. अशा कपाटाच्या तोंडाशी वरून खाली सोडलेला थंड हवेचा झोत, म्हणजेच हवेचा पडदा, बाहेरची उष्ण हवा काही अंशीच अडवतो, आणि आत शिरणारी हीच हवा पुन्हा थंड करण्यात यंत्राची बरीचशी शक्ती खर्ची पडते.

युरोपीय संघाने 2019 मध्ये केलेले आणि 1 मार्च 2021 पासून अमलात आलेले नियम या पार्श्वभूमीवर महत्त्वाचे ठरतात. यंत्राचा प्रत्यक्ष वार्षिक वीजवापर त्याच प्रकारच्या व आकाराच्या यंत्रासाठी ठरवलेल्या प्रमाण वापराने भागून शंभराने गुणले असता ऊर्जा कार्यक्षमता निर्देशांक मिळतो. तो 10 पेक्षा कमी असल्यास ए श्रेणी मिळते, तर 80 किंवा त्याहून अधिक असल्यास जी. या गणितात उघड्या आणि दार असलेल्या उभ्या कपाटांना निरनिराळे माप लावलेले नाही, त्यामुळे दार नसण्याची किंमत थेट श्रेणीतच उमटते. या नियमावलीतील हा सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय म्हणावा लागेल. लेबलावर वार्षिक वीजवापर किलोवॅट-तासांत, म्हणजे बोलीभाषेतील युनिटांत, दिलेला असतो. त्याखाली सुपरमार्केटच्या कपाटासाठी माल मांडण्याचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, तर कूलर व आइस्क्रीम फ्रीझरसाठी धारकता लिटरमध्ये असते. केवळ अक्षर पाहून दोन यंत्रांची तुलना करणाऱ्याची फसगत होते, कारण मोठे कपाट चांगल्या श्रेणीत असूनही लहान कपाटापेक्षा अधिक युनिटे खाऊ शकते.

घरगुती फ्रीजच्या लेबलाला तोवर एक विकार जडला होता. यंत्रे सुधारत गेली तशी जुनी श्रेणी अपुरी पडली, आणि ती नव्याने आखण्याऐवजी ए-प्लस, मग ए-प्लस-प्लस आणि अखेर तीन अधिकचिन्हे असलेला वर्ग वर जोडला गेला. परिणामी नुसते ए मिळवलेला फ्रीज प्रत्यक्षात मागासलेला असे. 2017च्या नियमाने ही चिन्हे हद्दपार करून ए ते जी ही मूळ श्रेणी पुन्हा आणली.

भारतात ऊर्जा संवर्धन कायदा 2001 मध्ये झाला, 2002 मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला आणि 2006 मध्ये तारांकित लेबलाची योजना सुरू झाली. येथे एक ते पाच तारे असतात, जास्त तारे म्हणजे कमी वीजवापर. निकष ठरावीक काळाने कडक केले जात असल्याने कालचे पाच तारे आज चारही ठरू शकतात, म्हणून लेबलावरील वर्ष पाहणे आवश्यक असते. फ्रॉस्ट-फ्री घरगुती फ्रीजसाठी हे लेबल 2010 मध्ये सक्तीचे झाले, तर दुकानांतील डीप फ्रीझर 2020 मध्ये या योजनेत आले आणि तेही प्रारंभी ऐच्छिक स्वरूपात.

युरोपीय आकडे भारतीय दुकानाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हेही येथे नोंदवले पाहिजे. सुपरमार्केटच्या कपाटाची तेथील चाचणी 25 अंश सेल्सियस तापमान आणि 60 टक्के सापेक्ष आर्द्रता राखलेल्या खोलीत होते. कपाटात खाद्यपदार्थांऐवजी तापमापक बसवलेली प्रमाणित पाकिटे रचतात, आणि एका कडक वर्गात अतिउष्ण पाकीटही 5 अंशांवर जाता कामा नये व अतिशीत पाकीट उणे 1 अंशाखाली उतरता कामा नये, अशी अट असते. मे महिन्यात 45 अंशांपर्यंत तापणाऱ्या नागपुरातील वातानुकूलन नसलेल्या दुकानात किंवा मुंबईच्या दमट हवेत तेच कपाट लेबलावरील आकड्यापेक्षा बरीच अधिक वीज घेईल.