रोजी आणि झेंडा

ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की गावात काय होतं, ते तुम्ही पाहिलंच आहे. शाळेत खिचडी शिजवणारी बाई बदलते. रोवणीच्या टोळीतून कोणाचं तरी नाव गळतं. कारण कोणी तोंडाने सांगत नाही, पण बाया आपसात बोलतात, "ती त्या पॅनलसोबत फिरली होती ना!" काम देणाऱ्याला अशी मुभा असावी का? हा प्रश्न जुना आहे. आपल्या नागपूरच्या हायकोर्टातही तो गेला होता.

रामटेकला येणारी रेल्वे लाईन पूर्वी बंगाल-नागपूर रेल्वेची होती. १९४४ मध्ये ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. पुढे १९४९ मध्ये रेल्वे नोकरांसाठी राष्ट्रीय सुरक्षेचे नियम आले. नोकर घातपाती कारवायांत आहे असा संशय असला, तर त्याला कामावरून कमी करता येत होतं. या नियमाखाली बंगाल-नागपूर रेल्वेच्या काही कामगारांना नोटिसा मिळाल्या. तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे आहात, सार्वत्रिक संप करून दळणवळण बंद पाडणार होता, असा आरोप होता. त्यांची नोकरी गेली. नागपूर हायकोर्टात ते हरले. ४ डिसेंबर १९५७ ला सुप्रीम कोर्टातही हरले. पी. बालकोटय्या यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो.

कोर्टाचं म्हणणं असं होतं: संघटना करायचा तुमचा हक्क शाबूत आहे. नोकरी गेली तरी तुम्ही कम्युनिस्ट राहू शकता. पण सरकारी नोकरीत राहण्याचा मूलभूत हक्क कोणाला नाही.

कायद्याच्या भाषेत हे बरोबर वाटतं. आता चुलीजवळ बसून विचार करा. झेंडा धरायची मोकळीक आहे, पण धरला तर पगार बंद! ज्याच्या घरी दहा एकर ओलीत आहे, तो धरेल. जिची संध्याकाळची भाजी आजच्या मजुरीतून येते, ती कशी धरेल?

पुढे बाजू उलटली. मध्य प्रदेशात नगरपालिकेची एक शाळा १९७१ मध्ये सरकारकडे गेली. तिथल्या एका शिक्षकाला १९७४ मध्ये काढलं. पोलिसांचा अहवाल होता, की त्यांनी पूर्वी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या आणि जनसंघाच्या कामात भाग घेतला होता. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टात सरकार हरलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालाचा अर्थ असा, की कायद्यात राहून केलेल्या राजकीय कामासाठी कोणाची रोजी हिरावणं घटनेत बसत नाही.

एकदा लाल झेंडेवाले, एकदा संघवाले. आज नावडत्या माणसावर चालणारा नियम सत्ता बदलली की आपल्यावर चालतो.

हे दोन्ही खटले सरकारी नोकरीचे. कारखान्यांसाठी महाराष्ट्रात १९७१ चा कायदा झाला. सूडबुद्धीने कामावरून काढणं ही त्यात अनुचित प्रथा ठरली. पण रोजाने जाणारी बाई कोर्टात जाईल कुठून? तिचा निकाल गावातच लागतो.

काम देणाऱ्याचीही बाजू आहे. कामाच्या वेळी कोणी प्रचार केला, भांडण केलं, काम बुडवलं, तर त्याने का खपवून घ्यावं? आणि "अमक्या जातीच्या बाईने भरलेलं पाणी मी पिणार नाही" असं कोणी कामावर म्हणाली, तर ते नुसतं मत राहत नाही, ती वागणूक झाली. वागणुकीचा जाब जरूर विचारावा. मत मात्र तिचं तिच्याजवळ राहू द्यावं. ती कोणाच्या सभेला गेली, कोणाला मत दिलं, याचा मजुरीशी संबंध नाही.

मैत्रिणींनो, आता आपला बचत गटही मालक झाला आहे. खिचडीचं काम, मसाला, पापड, शिलाई यांसाठी आपण बाया लावतो. म्हणून पुढच्या मासिक बैठकीत ठराव वहीत तीन गोष्टी लिहून घ्या. कामावर घेताना पक्ष किंवा पॅनल विचारायचं नाही. काढायचं झालं तर कामाचं कारण वहीत लिहायचं. आणि लिहिण्याआधी त्या ताईला बैठकीत बोलावून तिचं म्हणणं ऐकायचं. गटाच्या अध्यक्षांची सून असो की समोरच्या पॅनलची उमेदवार, सगळ्यांना एकच ठराव.