हँडल गेले, सेल्फ आला: लडाखच्या हिवाळ्यात बॅटरी का मरते

लडाखमध्ये नोकरी केलेल्या प्रत्येकाला हा अनुभव असतो. हिवाळाभर ताडपत्रीखाली उभी राहिलेली गाडी बर्फ वितळल्यावर बाहेर काढायची असते. ड्रायव्हर सेल्फ मारतो आणि इंजिन फिरायच्या ऐवजी नुसते 'टक्' होते. मग एमटीतला कोणीतरी म्हणतो, "थंडीने बॅटरी खाल्ली." हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

शिशाची बॅटरी मोटारगाडीपेक्षा जुनी आहे. १८५९ साली गास्टाँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून पातळ गंधकाम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी तयार झाली. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी प्लेटींवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची पद्धत काढली, त्यामुळे तिची ताकद वाढली. तरीही मोटारी आल्यानंतरची पहिली पंचवीसेक वर्षे इंजिन चालू व्हायचे ते माणसाच्या दंडाच्या जोरावर. पुढे हँडल घालायचे आणि फिरवायचे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचे. म्हणूनच जुने उस्ताद शिकवत, की हँडलभोवती अंगठा गुंडाळू नका, तो बोटांच्याच बाजूला ठेवा.

१९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर बसवला गेला आणि दंडाचे काम बॅटरीकडे गेले. सोय मोठी झाली, पण गाडी चालू होणे आता त्या एका डब्यात किती वीज शिल्लक आहे यावर ठरू लागले. बराच काळ कारखान्यांनी दोन्ही सोयी ठेवल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला सेल्फ होता आणि हँडलही होते. बॅटरी थोडी उतरली तर जवान हँडल मारून गाडी काढत. पुढे हँडल गेले आणि तो आधारही गेला.

याच कॅडिलॅकचा आपल्या सैन्याच्या इतिहासाशी एक धागा जुळतो. १ नोव्हेंबर १९४८ रोजी ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जोजीला खिंडीत चढले. अरुंद आणि कमकुवत पुलांवरून नेण्यासाठी त्यांचे टरेट उतरवून ते आणले होते, आणि बालटालपासून वर जाणारी वाट सॅपर्सनी रुंद केली होती. साडेअकरा हजार फुटांवर, बर्फात, रणगाडे समोर येतील असे शत्रूला वाटलेच नव्हते. खिंड फुटली. त्याच महिन्यात द्रास आणि कारगिल हाती आले आणि लेहची वाट मोकळी झाली. त्या एम-५ रणगाड्यांत कॅडिलॅकचीच दोन-दोन व्ही-८ इंजिने होती. त्यानंतर ऑक्टोबर १९६२ मध्ये एएन-१२ विमानांतून एएमएक्स-१३ रणगाडे चुशूलला उतरवले गेले. तेव्हापासून लडाखमध्ये इंजिने हिवाळा काढत आली आहेत.

तिथला हिशेब मैदानातल्यासारखा नाही. जोजीला बंद झाली की रस्ता कित्येक महिने मिटायचा. हिवाळ्याचा साठा त्याआधीच वर चढवलेला असे. जानेवारीत बॅटरी मेली तर तिच्या जागी दुसरी सहज मिळत नसे. आणि त्याच रात्री चौकीवरचा कोणी आजारी पडला तर त्याला खाली न्यायला हीच गाडी लागणार असे. म्हणून बॅटरीची काळजी ही ड्रायव्हरची हौस नव्हती, ती ड्युटी होती.

आता थंडी नेमके काय करते ते पाहू. पूर्ण भरलेल्या बॅटरीतल्या ॲसिडचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२८ असते. ते गोठायला तापमान उणे ६० अंशांच्या आसपास जावे लागते. बॅटरी उतरत जाते तसे ॲसिड प्लेटींत शोषले जाते आणि मागे राहणारा द्रव पाण्याच्या जवळ जातो. गुरुत्व १.१२ वर आले की तो उणे १० अंशांच्या आसपासच गोठतो. द्रासमध्ये ही काही फार कडक थंडी नव्हे. बर्फ फुगतो, प्लेटी वाकतात, डबा फुटतो. शिवाय उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडली तर प्लेटींवर सल्फेटचे कडक थर बसतात, ते सहजी निघत नाहीत.

भरलेल्या बॅटरीची गोष्ट उलटी आहे. ती सुटी काढून ठेवली तर आपोआप उतरण्याचा वेग थंडीत कमी होतो. म्हणजे थंडी भरलेली बॅटरी राखते आणि उतरलेली मारते. खरे काम ऑक्टोबरमध्येच करायचे असते: पूर्ण चार्ज करा, टर्मिनल साफ करा, आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह तार काढा. तारा तशाच राहिल्या तर घड्याळ आणि अलार्म थेंबाथेंबाने वीज पितात.

काम राहूनच गेले असेल तर वसंतात घाई करू नका. डबा फुगला किंवा तडकला असेल तर ती बॅटरी बाद. आत बर्फ असल्याची शंका आली तर चार्जर किंवा जम्पर लावू नका, स्फोट होऊ शकतो. बुखारीपासून लांब, खोलीच्या उबेत ती आपोआप वितळू द्या. प्लेटी उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घाला. मग मोकळ्या हवेत सावकाश चार्ज करा. ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीला सुमारे ६ अँपिअर पुरे. यात हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ बिडी-सिगारेट नको. नंतर काही तास थांबून मोजा: १२.६ व्होल्ट टिकले तर जीव आहे. हायड्रोमीटरने सहाही सेल पाहा. एकच सेल बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर ती बॅटरी भरवशाची नाही.

दुसऱ्या गाडीवरून चालू करायची असेल तर काळ्या तारेचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. आणि १२ व्होल्टच्या कारला २४ व्होल्टच्या ट्रकवरून कधीही जोडू नका.

पेन्शनीत आलेल्यांसाठी एक गोष्ट. साताऱ्यात बर्फ पडत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. उन्हाळ्यात बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग लडाखपेक्षा जास्त असतो. मुलाकडे दोन-तीन महिने राहायला जाणार असाल तर निघण्यापूर्वी ती पूर्ण चार्ज करा आणि निगेटिव्ह तार सोडून ठेवा. पाना फिरवायला दोन मिनिटे लागतात.