दगडावरची हजेरी

वाचकहो, न पुसणाऱ्या गोष्टीला आपण ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. हा वाक्प्रचार अक्षरशः खरा करणारे काही खडक अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात आहेत. त्यांच्यावर ना राजाज्ञा आहे, ना विजयाची वर्णने. आहेत ती केवळ साध्या वाटसरूंची नावे. या नावांची हकिकत आपल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी ऐकण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेच्या पूर्व भागातील शेतकरी व कारागीर कुटुंबे नव्या जमिनीच्या शोधात पश्चिमेकडे निघाली. मिसुरी नदीजवळच्या इंडिपेंडन्स गावापासून ओरेगॉनपर्यंतची वाट सुमारे २,००० मैलांची होती. कापडी छताची बैलगाडी दिवसाला फार तर पंधरा मैल जाई. गाडीत पीठ, बी-बियाणे आणि अवजारे भरलेली असत. माणसे बहुधा पायीच चालत. प्रवासाला चार ते सहा महिने लागत. १८४३ साली सुमारे १,००० माणसांचा मोठा तांडा या वाटेने गेला. १८६९ साली पूर्व आणि पश्चिम रेल्वेने जोडली गेली, तोपर्यंत ओरेगॉन, कॅलिफोर्निया आणि युटाकडे मिळून तीन ते चार लाख माणसे गेली असावीत, असा अंदाज आहे.

या वाटेवर स्वीटवॉटर नदीच्या काठी ग्रॅनाइटचा एक प्रचंड खडक आहे. त्याचे नाव इंडिपेंडन्स रॉक. उंची सुमारे १३० फूट, आणि घेर मैलाहून अधिक. डी स्मेट या धर्मोपदेशकाने १८४० च्या सुमारास त्याला ‘वाळवंटाची नोंदवही’ म्हटले. तांडा येथे थांबला की माणसे खडकावर आपले नाव, गाव आणि तारीख लिहीत. यात हौस होतीच, पण उपयोगही होता. मागून येणाऱ्या भावाला किंवा शेजाऱ्याला त्यावरून कळे की, आपली माणसे इथवर सुखरूप पोहोचली. त्या माळरानात टपाल कोठून असणार? दगड हेच टपाल होते.

कोणी छिन्नीने कोरले, कोणी गाडीच्या आसाचे वंगण किंवा डांबर फासून लिहिले. फासलेली नावे पावसापाण्याने बहुतेक गेली. ज्यांनी हात दुखेपर्यंत छिन्नी चालविली, त्यांची नावे आजही वाचता येतात.

या खडकाशी एक हिशेबही निगडित होता. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या सुमारास येथे पोहोचलेला तांडा हिमवर्षावापूर्वी पुढचे डोंगर ओलांडू शके. १८४६ साली डॉनर तांडा काहीसा उशिरा येथून गेला. पुढे जवळची वाट म्हणून त्याने एक नवाच मार्ग धरला आणि त्यात आणखी आठवडे गमावले. सिएरा नेवाडाच्या बर्फात तो अडकला आणि ८७ जणांपैकी जवळजवळ निम्मे दगावले. वेळेचे आणि आडवाटेचे मोल त्यांना असे चुकवावे लागले.

याच मार्गावर रजिस्टर क्लिफ नावाचा मऊ वालुकाश्माचा कडा आहे. तेथे अल्वा अनथँक या एकोणीस वर्षांच्या तरुणाने १८५० साली आपले नाव कोरले. कॅलिफोर्नियाच्या सोन्याची आस घेऊन तो निघाला होता. नाव कोरल्यावर थोड्याच दिवसांत पटकीने त्याला गाठले. त्याची कबर त्याच वाटेवर आहे. कड्यावर त्याची हजेरी लागली, पण मुक्काम त्याला दिसला नाही.

तिसरे ठिकाण ग्रीन नदीकाठचे नेम्स हिल. तेथे जेम्स ब्रिजर या नामांकित वाटाड्याचे नाव १८४४ सालासह कोरलेले आहे. ब्रिजरला डोंगरदऱ्या तोंडपाठ होत्या, परंतु लिहिता-वाचता येत नव्हते. सहीच्या जागी तो फुली मारीत असे. मग ते नाव त्याच्यासाठी दुसऱ्याच कोणी कोरले असावे, असे अभ्यासक मानतात. पालकहो, येथे क्षणभर थांबा. हजारोंना वाट दाखविणाऱ्या या माणसाला स्वतःच्या नावासाठी मात्र दुसऱ्याचा हात लागला!

या नोंदवहीत कोण नाही, हेही पाहिले पाहिजे. ही भूमी ओसाड नव्हती. शोशोनी, शायान, अरापाहो, लकोटा या जमातींची ती होती. १८५१ साली फोर्ट लॅरामीचा करार त्यांच्यातील काही जमातींशी झाला. पुढे तो मोडला गेला आणि त्यांची भूमी हातची गेली. वाटसरूंच्या नावांत त्यांची बाजू कोठून येणार? मात्र या प्रवासातील अनेक स्त्रियांनी रोजनिशा लिहिल्या. वाटेतली आजारपणे, बाळंतपणे, रस्त्याकडेला पुरलेली लेकरे या साऱ्याची खबर आज आपल्याला त्या रोजनिशांतून मिळते. लेखणी हाती असल्यामुळेच त्या बायांचे दुःख इतिहासात उरले.

दगडावर नाव कोरण्याची ही रीत आपल्यालाही परकी नाही. अरबस्तानात अल-हिज्रजवळ, जुन्या व्यापारी व हजच्या मार्गावर, जुहैर नावाच्या इसमाने एक छोटा लेख कोरला आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या निधनसमयी आपण हे लिहिले, असे सांगून तो हिजरी सन २४ देतो, म्हणजे इ. स. ६४४ चा सुमार. १९९९ साली सौदी संशोधकांना तो सापडला आणि २००३ साली युनेस्कोने जागतिक स्मृतींच्या यादीत त्याची नोंद केली. त्यातील काही अक्षरांवर नुक्ते आहेत. त्यामुळे अरबी लिपीच्या इतिहासात त्याला मोठे मोल आहे. जुहैरबद्दल एरवी आपल्याला काहीच ठाऊक नाही. त्याला लिहिता येत होते, एवढ्यानेच तो चौदाशे वर्षे टिकला. ज्या धर्माच्या पहिल्या संदेशातच वाचनाचा आदेश आणि कलमाचा उल्लेख आहे, त्याच्या अनुयायांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आपली नोंदवही म्हणजे शाळेचा पट. जून महिन्यात आपण मुलांचे नाव शाळेत घालतो. पण पटावर नाव चढले म्हणजे मुक्काम आला, असे नव्हे. मुलगा सातवीला आला की दुकानावर बसवायचा, मुलगी मोठी दिसू लागली की घरी ठेवायची, हीही जवळची वाटणारी आडवाटच आहे. ‘नाव काढणे’ याचे आपल्या भाषेत दोन अर्थ होतात. मुलीचे नाव शाळेतून काढायचे, की तिला घराण्याचे नाव काढू द्यायचे, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, हे वाचून सहलीत किल्ल्याच्या भिंतीवर आपले नाव कोरू नका! अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली चित्रावरच नाव खरडून ठेवले. त्याची चुटपुट आजही लागते. संरक्षित स्मारकाची अशी नासधूस करणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या वाटसरूंना मागच्यांसाठी निरोप ठेवायला दगड उपयोगी पडला. तुमच्याजवळ वही आहे, शाळा आहे आणि पुढची वाट मोकळी आहे. त्या वाटेवर मागून येणाऱ्या धाकट्या भावंडांना दिसेल असे नाव लिहा.