दमदमची गोळी व ट्यूबिंगेनचा पुरावा

एका पोथीचा पाठ दुसरीच्या माथीं मारला गेला म्हणजे पुढील निर्णय कसा वाकडा जातो, हें संग्राहकांस सांगावयास नको. शस्त्रांच्या इतिहासांतही असा एक प्रकार घडला आहे. तेथें पोथीच्या जागीं शिकारी रायफलीची गोळी आहे.

लक्ष्यांत शिरल्यावर गोळीचें काय होतें, हा प्रश्न शिकाऱ्यांना फार पूर्वीं पडला होता. मऊ शिशाची गोळी मांसांत अळंब्याप्रमाणें पसरते व रुंद जखम करते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत 'एक्स्प्रेस' रायफली आल्या. त्यांत दारू भरपूर, गोळी हलकी व टोकाशीं पोकळ. हरणास ती पुरे. गव्यासारख्या जाड हाडाच्या जनावरावर मात्र वरच्यावरच फुटून जाई. सर सॅम्युएल बेकर यांनीं १८९० च्या आपल्या ग्रंथांत ह्या पोकळ गोळीवर कडक टीका करून वाघास भरीव शिशाची गोळी सुचविली. गोळी पसरावी, पण तिचे तुकडे होऊं नयेत, हें त्यांचें म्हणणें आम्हांस पटतें.

इंग्रज सैन्यानें १८८८ त ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिची गोळी २१५ ग्रेनची, शिशावर तांबें व निकेल यांचें कवच असलेली. कवचामुळें ती पसरेना. आरपार निघून जाई. १८९५ च्या चित्राळ मोहिमेंत, गोळी लागूनही शत्रु चालून येतो अशी तक्रार झाली. तेव्हां कलकत्त्यानजीक दमदम येथील कारखान्यांतील कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनीं टोकावरील कवच किंचित् आंखूड करून शिसें उघडें ठेविलें. गोळीस गांवाचें नांव पडलें. आणि गांवाचें नांव 'दमदमा', म्हणजे तोफांकरितां रचलेला उंचवटा, ह्यावरून आलें असें मानतात. मराठी कागदांच्या वाचकांस हा शब्द परका नाहीं.

१८९८ त ट्यूबिंगेनचे शस्त्रवैद्य प्रोफेसर फोन ब्रुन्स यांनीं मऊ टोकाच्या गोळ्यांचे प्रयोग करून भयंकर जखमांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांच्या गोळ्या दमदमच्या नव्हेत, शिकारी माउझरच्या होत्या. त्यांचें शिसें पुष्कळच अधिक उघडें होतें. तरीही १८९९ च्या हेग परिषदेच्या वेळीं त्या जखमांचा दोष दमदमच्या गोळीवर आला. इंग्रज प्रतिनिधि सर जॉन आर्डा यांनीं हा भेद दाखविला, पण व्यर्थ. २९ जुलै १८९९ च्या जाहीरनाम्यानें, जिचें कवच गाभ्यास पूर्ण झांकीत नाहीं किंवा ज्यावर चिरा आहेत, अशी गोळी युद्धांत निषिद्ध ठरली. ब्रिटननें ती अट १९०७ त मान्य केली.

सुधारलेला सैनिक जखम होतांच थांबतो, रानटी थांबत नाहीं, असाही युक्तिवाद आर्डांनीं केला. तो आम्हांस निंद्य वाटतो. परंतु साक्षीदार पक्षपाती म्हणून त्याची सगळीच साक्ष खोटी ठरत नाहीं. उलट पुरावा चुकीचा होता म्हणून निषेध चुकीचा, असेंही होत नाहीं; दमदमची गोळी पसरावी म्हणूनच घडविली होती. मनूनें सातव्या अध्यायांत कर्णी व विषदिग्ध बाण रणांत वर्ज्य केले आहेत. तेथेंही नियम रणापुरताच, हेगचा तसाच. त्यामुळें शिकारींत मऊ टोकाची गोळी निर्वेध चालू राहिली.

पुढें 'दमदम' हें नांव पसरणाऱ्या कोणत्याही गोळीस सर्रास लागलें. जुन्या शिकारदप्तरांत तो शब्द आढळल्यास, गोळी त्या कारखान्याचीच असें धरून चालूं नये. काडतूस उपलब्ध असल्यास बुडावरील ठसा आणि उघड्या शिशाची लांबी टिपून ठेवावी.