भुयाराचा दुसरा मजला

1972 साली अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात, गॅरी गायगॅक्सने एका किल्ल्याखालचं भुयार कागदावर आखलं आणि आपल्या दोन मुलांना, अर्नी आणि इलीसला, त्यात उतरवलं. नकाशा बापाच्या हातात. मुलांनी फक्त आपण काय करतो ते सांगायचं: डावीकडे वळतो, दाराला कान लावतो, दार ढकलतो. काही विषारी किडे मारल्यावर त्यांना एक पेटी सापडली. आत तांब्याची तीन हजार नाणी! पण पेटी इतकी जड की हलेचना, आणि मुलं हिरमुसली. ती झोपायला गेल्यावर गायगॅक्सने लगेच भुयाराचा दुसरा मजला रचायला घेतला.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणारे ज्याला ‘ॲडव्हेंचर’ म्हणतात, त्या घरच्या घरी रचलेल्या साहसाची सगळी रीत मला या प्रसंगात दिसते. ते कधीच पुरतं बांधून झालेलं नसतं. पुढच्या बैठकीपुरतं तयार असतं, आणि खेळणारे काय करतील त्यावर त्याचा पुढचा मजला ठरतो.

अर्थात गायगॅक्सला हे बीज मिळालं ते शेजारच्या मिनेसोटातून. तिथे मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत युद्धखेळ खेळणाऱ्या तरुणांचा एक कंपू होता. 1969 मध्ये त्यांच्यातल्या डेव्हिड वेस्लीने नेपोलियनच्या काळातलं ‘ब्राउनस्टाइन’ नावाचं जर्मन गाव कल्पिलं. पटावर नुसत्या पलटणी हलवण्याऐवजी त्याने एकाला महापौर केलं, एकाला सावकार, एकाला विद्यापीठाचा कुलपती. मंडळी आपापसात कारस्थानं करू लागली, खेळ हाताबाहेर गेला आणि वेस्लीला वाटलं, सगळं फसलं. मंडळी मात्र ‘पुन्हा कधी?’ म्हणून मागे लागली.

त्यांतल्याच डेव्ह आर्नेसनने 1971 च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ नावाचा कल्पित मुलूख रचला. आईवडिलांच्या घराच्या तळघरात टेबल टेनिसचं टेबल, त्यावर प्लॅस्टिकचा किल्ला, आणि किल्ल्याखाली कागदावर आखलेली भुयारं. भुयार ही युक्ती फार मोलाची ठरली. उघड्या मुलखात खेळणारे दाही दिशांना जाऊ शकतात, आणि रचणाऱ्याने किती मुलूख तयार ठेवायचा? भुयारात वाट डावी नाहीतर उजवी. एका माणसाला रात्री बसून रेखता येईल एवढंच जग, तरी प्रत्येक वळणावर निवड खेळणाऱ्याची. तरीही आर्नेसनने वरचं जग गोठवून ठेवलं नाही. खेळणारे खाली खजिना शोधण्यात रमले आणि वर शत्रूने ब्लॅकमूर घेतलं. वीरांना दूरच्या एका तळ्याकाठच्या प्रदेशात हद्दपार व्हावं लागलं. माझ्या लेखी आर्नेसनचं सर्वांत मोठं देणं हेच: खेळणाऱ्यांनी जे केलं नाही, त्याचेही परिणाम होतात.

1972 मध्येच आर्नेसनने लेक जिनिव्हाला येऊन हा खेळ दाखवला आणि जानेवारी 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या डबाबंद तीन पुस्तिका निघाल्या. किंमत दहा डॉलर, प्रती हजार. तिसऱ्या पुस्तिकेत खेळ चालवणाऱ्याला सांगितलं होतं की आधी पेन्सिल घेऊन बसा आणि आपली भुयारं स्वतः आखा. तुमच्या वतीने आम्ही कल्पना कशाला लढवायची, असा एकूण सूर. राक्षससुद्धा घरगुतीच: लोखंड गंजवून खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ आणि घुबडतोंड्या अस्वलासारखा ‘आउलबेअर’ यांची रूपं स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून घेतलेली आहेत.

म्हणून छापील साहसं विकली जातील यावर गायगॅक्सच्या कंपनीचा, टीएसआरचा, सुरुवातीला विश्वास नव्हता. 1976 मध्ये इलिनॉयच्या डिकेटरमध्ये बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी ‘जजेस गिल्ड’ काढून घरच्या खेळातलं एक अख्खं शहर विकायला ठेवलं आणि ते खपलं. त्याच वर्षी मिशिगनमध्ये शिकत असलेल्या जेनेल जेक्वेज यांनी ‘द डंजनियर’ हे नियतकालिक सुरू करून त्यात साहसं छापली. पुढे 1979 च्या त्यांच्या ‘केव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’त आत शिरायला अनेक वाटा होत्या, गोल फिरून परत येणारे रस्ते होते, मधला मजला टाळून थेट खाली नेणारे जिनेही होते. आजही भुयार आखायला बसणाऱ्याने आधी तो नकाशा पाहावा.

टीएसआरची स्वतःची साहसं 1978 पासून सुटी निघू लागली. त्यांत माईक कारचं ‘इन सर्च ऑफ द अननोन’ नवशिक्यांसाठी होतं. त्यातल्या एका दालनात कुंडंच कुंडं आहेत; एकात दारू, एकात आम्ल, एकात मासे. वर्णन भरगच्च, पण दालनांच्या वर्णनाखाली ‘राक्षस’ आणि ‘खजिना’ या दोन शब्दांपुढे नुसत्या रिकाम्या रेघा! शेवटी दिलेल्या याद्यांतून निवडून त्या आपण भरायच्या, आणि सगळ्या भरायच्या नाहीत, काही दालनं मोकळी सोडायची. शिकवण्याची याहून चांगली रीत मला या खेळाच्या पुस्तकांत दुसरी दिसत नाही. भुयार कसं रचावं यावर पानंच्या पानं वाचून जे कळत नाही, ते त्या रेघा भरताना कळतं.

ट्रेसी हिकमन यांनी एक वेगळाच प्रश्न उभा केला. एका खेळात भुयाराच्या कुठल्याशा खोलीत त्यांची एका रक्तपिपासूशी, व्हॅम्पायरशी, गाठ पडली. हा इथे करतो काय, असं त्यांच्या मनात आलं. मग पत्नी लॉरा यांच्यासह त्यांनी त्या रक्तपिपासूला नाव दिलं, पूर्वायुष्य दिलं, राहायला किल्ला दिला, आणि दर हॅलोविनला घरी मित्रांबरोबर ते साहस खेळत खेळत घडवलं. 1983 मध्ये टीएसआरने ते ‘रेव्हनलॉफ्ट’ या नावाने छापलं. बत्तीस पानांत किल्ल्याचा कानाकोपरा दिलेला आहे. पण त्या रक्तपिपासूच्या, काउंट स्ट्राडच्या, मनात या वेळी काय आहे आणि त्याला मारायची तलवार कुठे दडली आहे, हे मात्र आधी ठरवून दिलेलं नाही. ते प्रत्येक घरी, खेळातली भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडते तेव्हा, नव्याने ठरतं.